सतरा नोंदी आणि एक ओळ

अंबाजोगाई
रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा तू मधेच फोन ठेवलास. मीही आवाज चढवला होता, ते कबूल. आपण दोघं तोंडानं बोलायला लागलो की काय होतं ते आईला पाठ आहे, म्हणून लिहायला बसलो. त्या ओळीबद्दल एक शब्द काढायचा नाही, असं ठरवूनच बसलोय.

काल दुपारी विकिपीडियावरचं मुकुंदराजांचं ते पान उघडलं. वर ‘इतिहास पहा’ असतं ते दाबा, असं ताईनं सांगितलं होतं. दाबलं आणि बघतच राहिलो. कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता काय बदललं, आधी काय होतं, सगळं ओळीनं. अरे, हे तर आपलं जमिनीच्या फेरफाराचं रजिस्टर! तलाठी म्हणून मी जन्मभर दुसरं काय केलं? गाव नमुना 6 ला नोंद घ्यायची, नोटीस काढायची, 15 दिवस हरकतीची वाट बघायची, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करणार. हरकत आली तर ती वेगळ्या रजिस्टरला. आणि सात-बारावरचं जुनं नाव कधी खरवडायचं नाही, कंसात घालायचं. आधी इथं कोण होतं ते मागाहून येणाऱ्याला कळायला पाहिजे.

त्या यादीत तुझं नाव मी मोजलं. सतरा वेळा आहे. समाधीकडं दरीत उतरतानाचं वर्णन तुझं आहे हे आईनं न सांगता ओळखलं. तिला वाचून दाखवताना माझाच घसा दाटला.

मग चर्चा पान उघडलं. ‘मुकुंदराज काय तुमच्या बापाची जहागीर आहेत?’ खाली तुझं पूर्ण नाव, आडनावासकट. ज्याला तू हे लिहिलंस, त्या माणसाचा बाप असेल कुठंतरी वैनगंगेकाठी. माझ्याच वयाचा असेल.

काय वावगं केलं होतं त्यानं? वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचे लोकही मुकुंदराजांना आपलं मानतात, एवढंच लिहिलं. तू काढलंस, त्यानं परत घातलं, तू परत काढलंस. सरांनी तुम्हा पाच जणांना मिळून पान करायला दिलं होतं. तुला तीन दिवस संपादन करण्यापासून अडवलं आणि नांदेडच्या त्या मुलीनं जमवलेले संदर्भ तसेच पडून राहिले. मुकुंदराजांच्या विवेकसिंधू ग्रंथाचं शके 1110, म्हणजे 1188, हे साल आधारासकट तिनंच शोधलं होतं ना?

जिथं वाद आहे तिथं दोन्ही बाजू लिहायच्या, ज्याच्या त्याच्या पुस्तकाच्या आधारानं. ‘आमची आजी सांगायची’ हा पुरावा तिथं चालत नाही आणि चालूही नये. बांध इथंच होता, आमच्या आज्यानं सांगितलंय, असं म्हणत माझ्याकडं रोज माणसं यायची. सगळ्यांचे आजे खरे धरले असते तर गावात रानच उरलं नसतं. झालं, लागलो शिकवायला. माफ कर.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. मला नोकरीला लागून वर्षच झालं होतं. पंचनाम्याला तिकडं पाठवलं. पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी मयतांची यादी वाचायचो आणि बाहेर उभी असलेली माणसं चुका सांगायची. एक म्हातारी तीन दिवस येत राहिली. सुनेचं नाव माहेरचं लागलंय म्हणायची. चौथ्या दिवशी मी ओरडलो, ‘आजी, नाव लागलंय ना, झालं की!’ ती काही बोलली नाही. खांबाला धरून उभी राहिली. शेजारचं एक पोरगं म्हणालं, ‘साहेब, या नावाची बाई आमच्या गावात कुणी नव्हतीच.’ मी नाव दुरुस्त केलं. ओरडलो त्याबद्दल मात्र काहीच बोललो नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

तुझ्यात आबांचा राग आलाय. माझ्यातही आहे. बांधाच्या प्रकरणापासून दत्तूकाका दारावरून जातो, आत येत नाही. पण ते भांडण ऐकणारी आठ माणसं होती. तुझी ओळ तारखेसकट तिथं राहणार. उद्या नोकरी देणारा वाचेल, तुझी लेकरं वाचतील. बघ, काढायचं नाही म्हणालो आणि परत तिथंच आलो.

ताई म्हणते, आपल्या ओळीवर आपण रेघ मारू शकतो आणि खाली लिहू शकतो. तेवढं कर. मी सांगतो म्हणून नको करूस, तुला पटलं तर कर.

ग्रंथालयातून एक जुनं पुस्तक आणलंय. विवेकसिंधूतली अंबानगरी नेमकी कोणती, आपली अंबाजोगाई की अंभोरा, याची त्यात दोन्हीकडून चर्चा आहे. पुस्तकाचं नाव आणि पान नंबर सोबतच्या कागदावर लिहिलेत. फोटो काढून तसाच मजकूर उतरवू नकोस, तो लेखकाचा आहे. वाच आणि आपल्या शब्दांत लिही. आधी धूळपाटीवर, त्या सरावाच्या पानावर, मांड, त्या मुलीला दाखव, मग पानावर ने. आणि अंभोऱ्याची बाजू तूच लिही. नीट लिही. ‘विकी’ म्हणजे हवाई बेटांच्या भाषेत ‘भरभर’, हे तूच दिवाळीत सांगितलं होतंस. लिहायचं ते भरभर लिही. कुणाला उत्तर द्यायचं असेल तर आमच्यासारखे 15 दिवस नकोत, पण एक रात्र तरी जाऊ दे.

आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिलीय, त्याच पिशवीत हे पत्र आहे. धपाटे दोन दिवसांत संपव. फोन कर. उचलला नाही तर मी रानात असेन, परत कर.

तुझे,
बाबा