हक फिन बालवाङ्मयात कशाला?

संपादक महोदय,

मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ या कादंबरीची जागा अजूनही मुलांच्या कपाटातच असते, याचं नवल वाटतं. मिसिसिपी नदीवरचा तराफा आणि घरातून पळालेला पोरगा हक, हे वरवरचं झालं. आत जहरी उपहास आहे. ग्रँजरफर्ड आणि शेफर्डसन ही दोन खानदानी घराणी. वैर कशावरून पेटलं ते कुणाला धड आठवत नाही. रविवारी दोन्हीकडची माणसं बंदुका गुडघ्यांत धरून चर्चमध्ये बंधुभावावरचं प्रवचन ऐकतात, वर घरी जाताना वाखाणतात! दुसऱ्याच दिवशी मुडदे पडतात.

खरा घाव पुढेच. सोबतच्या जिम या पळालेल्या गुलामाचा ठावठिकाणा मालकिणीला कळवणारी चिठ्ठी हक लिहितो, मग फाडतो आणि नरकात जायला तयार होतो. आपण पापच करतोय, याबद्दल बिचाऱ्याला तिळमात्र शंका नाही.

१८८५ मध्ये अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड गावच्या ग्रंथालयाने पुस्तक बाहेर काढलं, तेही भाषा गावंढळ म्हणून. (आक्षेप कशावर घ्यावा, हेही एक शास्त्रच!) शेवटी हकचा मित्र टॉम सॉयर येऊन जिमच्या सुटकेचा पोरखेळ करतो, तो भाग मात्र मला दर वाचनात खटकतो.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा