आधी आपल्या बाहीवरचं वाचा

महोदय,

रविवारच्या अंकात आपल्या एका वाचकाने मँचेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या समर्थकांची नीतिमत्तेची शिकवणी घेतली आहे. वाचल्या वाचल्या लिहायला बसणार होतो, पण म्हटलं एक रात्र जाऊ द्यावी. रात्र गेली, चिडचिड तिथेच आहे.

मी सिटीवाला नाही. पत्रलेखकांसारखाच आर्सेनलचा आहे, म्हणूनच जास्त झोंबलं. 'तेलाच्या पैशावर विकत घेतलेल्या ट्रॉफ्या' हे त्यांचे शब्द मीही हजारदा वापरलेत. माझा भाचा सिटीचा. गेल्या मोसमात एकदा सामना बघताना मी त्याला प्रीमियर लीगने सिटीवर ठेवलेले, आर्थिक नियम मोडल्याचे ते 115 आरोप ऐकवायला घेतले. पोरगं काही बोललं नाही. माझ्या आर्सेनलच्या जर्सीच्या बाहीवर बोट ठेवून त्याने सावकाश, अक्षरं लावल्यासारखं वाचलं, 'व्हिजिट रवांडा'. मग बोट छातीवर आणलं.

'मामा, एमिरेट्स कुठलं?'

'दुबईचं.'

'आणि आमचं एतिहाद?'

'अबुधाबीचं.'

'म्हणजे देश एकच ना?'

त्यानंतर मध्यंतरापर्यंत मी फक्त ऑफसाइडबद्दल बोलत होतो.

प्रायोजक वेगळा (एमिरेट्स, एतिहाद या विमान कंपन्या) आणि मालक वेगळा (सिटीचे मालक अबुधाबीचे), हे मला कळतं. सिटीवरच्या आरोपांचा सोक्षमोक्ष लागलाच पाहिजे, त्यांची वकिली मी करत नाही. पण ज्यांच्या स्टेडियमलाच विमान कंपनीचं नाव आहे त्यांनी जरा खालच्या पट्टीत बोलावं, एवढंच.

पत्रात 'आमचा क्लब वेगळा' म्हणून 1999 च्या शेफिल्ड युनायटेडच्या सामन्याचा दाखला दिलाय. आमचे तेव्हाचे प्रशिक्षक वेंगर, त्यांनी जिंकलेला सामना पुन्हा खेळायची तयारी दाखवली, हे खरं. पण ती वेळ का आली, ते सोयीस्करपणे गाळलं. शेफिल्डचा एक खेळाडू पडला होता म्हणून त्यांच्याच गोलकीपरने चेंडू बाहेर मारला. आमच्या पार्लरने रीतीप्रमाणे थ्रो त्यांच्याकडे परत टाकला. तेवढ्यात आमचा कानू सुटला, चेंडू ओव्हरमार्सकडे, आणि गोल. शेफिल्डवाल्यांना काय झालं ते कळेपर्यंत 2-1. कानूचा तो आमच्याकडून पहिलाच सामना, बिचाऱ्याच्या लक्षातही आलं नसेल. पण घाण आम्ही केली होती, वेंगरनी ती पुसली. पुसल्याचे तेवढे गोडवे गायचे? (पुन्हा खेळून आम्ही 2-1 नेच जिंकलो, हे सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही.)

लीड्सचे तेव्हाचे प्रशिक्षक बिएल्सा, त्यांचंही तेच. एप्रिल 2019 मध्ये त्यांनी आपल्या संघाच्या वादग्रस्त गोलची भरपाई म्हणून ॲस्टन व्हिलाला मुद्दाम गोल करू दिला, फिफाने फेअर प्लेचा पुरस्कार दिला. आणि त्याच जानेवारीत त्यांचा माणूस डर्बी काउंटी क्लबच्या सरावावर टेहळणी करताना सापडला होता, त्याबद्दल लीड्सला 2 लाख पौंड दंड झाला होता. मोसम एकच, माणूसही एकच! आता यांना कुठल्या रांगेत उभं करायचं ते पत्रलेखकांनीच सांगावं.

'बार्सिलोनाकडून शिका' हा सल्ला तर फारच आवडला. काय शिकायचं? 2006 मध्ये छातीवर युनिसेफचं नाव घेतलं, त्यासाठी वर्षाला 15 लाख युरो उलट युनिसेफलाच दिले, वा! 2011 मध्ये छातीवर कतार फाउंडेशन आलं आणि युनिसेफ पाठीवर गेलं. स्पेनच्या रेफरी समितीच्या उपाध्यक्षाच्या कंपन्यांना वर्षानुवर्षं पैसे कशाचे दिले, हे इथे काढत नाही, पत्र लांबेल आणि तुम्ही नेमकं तेच कापाल. मागच्या पत्राचं तुम्ही काय केलंत ते मी विसरलेलो नाही.

आणखी एक, विषय निघालाच आहे म्हणून. तुम्ही छापता त्या प्रीमियर लीगच्या गुणतक्त्यातून गोलफरकाचा (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) रकाना गेले तीन आठवडे गायब आहे. तिथे आता जाहिरात असते, म्हणजे प्रायोजकांपुढे मान तुकवणारे फक्त क्लबच नाहीत. 2012 साली सिटी आणि मँचेस्टर युनायटेड दोघांचे गुण 89 होते, विजेतेपद ठरलं ते गोलफरकावर. तुमच्या तक्त्यात दोघेही पहिले आले असते. रकाना कृपया परत छापावा.

आपला,
एक आर्सेनल समर्थक (आणि सिटीवाल्याचा मामा)