बाबा, दोष कानांचा नव्हता

पुणे, गुरुवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर आज दुरुस्त होऊन आले. शनिवारी गाडीत घालून मिरजेला घेऊन येते. काल फोनवर बाबा पुन्हा म्हणाले, "कशाला एवढा खर्च? माझे कान गेले आता." तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आई, तूही वाच, कारण हे रोज लावणार तूच आहेस.

बाबा, गणपतीत मी आले होते तेव्हा तुम्ही त्या ब्लूटूथ स्पीकरवर भीमसेनजींचं गाणं लावलंत आणि दहा मिनिटांत बंद केलंत. "यात तंबोरा कुठंय?" एवढंच म्हणालात. तो स्पीकर मीच आणून दिला होता, सोपा पडेल म्हणून. त्यानंतर हळूहळू तुमचं ऐकणंच सुटलं आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी सात-आठ वर्षांची असताना तुम्ही मला सतारमेकर गल्लीत नेलं होतंत. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा सरकवत होते. किंचित पुढे, किंचित मागे. बराच वेळ तार नुसती ठण् वाजत होती आणि मग एकदम जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, खुलली, सगळी खोली भरली. तुम्ही माझा कान भोपळ्याला टेकवलात आणि म्हणालात, "खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, ऐक. त्यात गंधार, म्हणजे ग, आहे. तो कुणी लावलेला नाही, आपला आपण येतो." मला तो ऐकू आला होता. अजूनही कुठल्याही गाण्यात मी आधी तोच शोधते.

आता हिशेब बघा. काळी एक या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्यात खर्जाची तार साधारण ७० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७० कंपनांवर, बोलते. तुमचा स्वयंभू गंधार म्हणजे तिच्या पाचपट कंपनांचा उपस्वर, ३५० च्या आसपासचा. वयाबरोबर कान आधी सोडतात ते वरचे, हजारोंच्या घरातले बारीक आवाज. म्हणून बोलण्यातले 'स', 'च' निसटतात आणि तुम्ही आईला दोनदा विचारता. त्याची तपासणी आपण करायचीच आहे, त्यात चालढकल नको. पण गंधार त्या आवाजांच्या खूप खाली आहे. तो न ऐकू येण्याइतके तुमचे कान गेलेले नाहीत.

मग तो गेला कुठे? तळहाताएवढ्या स्पीकरला ७० हर्ट्झ नीट वाजवताच येत नाही. शिवाय सीडीत सेकंदाला १४११ किलोबिट असतात, तर १२८ च्या एमपीथ्रीत त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा. ही काटकसर कशी होते, तर मोठ्या आवाजाच्या आड जो बारीक आवाज येतो तो कानाला कळणार नाही असं धरून आधी त्याच्यावर कात्री चालते. आपल्याकडे रेंज कमी झाली की अ‍ॅप आपणहून हलक्या दर्जावर उतरतं, आणि फोनमधून ब्लूटूथने स्पीकरकडे जाताना तेच गाणं पुन्हा एकदा दाबलं जातं. गवयाच्या मागे बसलेल्या तंबोऱ्याचं काय होत असेल, तुम्हीच सांगा.

नवीन काही फारसं घेतलेलं नाही. तुमच्या जुन्या स्पीकरच्या शंकूभोवतीच्या फोमची कडा बोट लावताच काळ्या चिकट भुग्यासारखी गळून पडली होती. शंकू मात्र धडधाकट. नवी कडा चिकटवून घेतली, रात्रभर वाळू दिली, आणि खर्ज परत आला. अ‍ॅम्प्लिफायरचे दोन कपॅसिटर बदलले, आवाजाच्या बटणाची खरखर गेली. विकत घेतला तो फक्त एक छोटा स्ट्रीमर, म्हणजे नेटवरचं गाणं घेऊन अ‍ॅम्प्लिफायरला देणारी डबी. डिजिटल आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा डॅक त्याच्यातच आहे. सगळं मिळून १५ हजारांच्या आत झालं.

आई, फोन आता नुसता रिमोटसारखा वापरायचा. गाणं वायफायवरून थेट स्ट्रीमरमध्ये येतं, त्यामुळे मावशीचा फोन आला तरी बाबांचं गाणं थांबणार नाही. तुमच्या सगळ्या सीडी मी गेल्या महिन्यात फ्लॅक नावाच्या फायलींत उतरवून घेतल्या. जागा निम्मी लागते आणि त्यातला एक कणही कमी होत नाही. त्या पेनड्राइव्हवर आहेत, म्हणजे नेट गेलं तरी वाजतील.

बाबा, चांगल्या ३२० च्या एमपीथ्रीत आणि सीडीत मला स्वतःला फारसा फरक कळत नाही. त्याहून महागाच्या फायलींमागे आपण लागू नये असं माझं मत आहे. फरक पडतो स्पीकरने आणि तो ठेवण्याच्या जागेने. म्हणून शोकेसवरचे स्पीकर खाली येतील, भिंतीपासून हातभर पुढे, तुमच्या आरामखुर्चीत बसल्यावर कानाच्या उंचीवर. आई, त्यासाठी कोपऱ्यातली कुंडी हलवावी लागेल, तेवढं चालवून घे. आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आहेत तशाच ऐकू येतील. तेव्हाच्या मुद्रणात जे उतरलंच नाही, ते आज कुठल्या यंत्रातून यायचं?

एक काम मात्र तुमच्याकडे. कपाटामागचा आपला तंबोरा गवसणीतून काढा, तारा पुसा आणि शनिवारी दुपारपर्यंत काळी एकमध्ये जुळवून ठेवा. आधी तो वाजवू, मग सीडी लावू. दोन्हींत गंधार सारखा आहे का, ते तुम्ही सांगायचं. नसला तर स्पीकर मी पुन्हा पुण्याला नेईन.

तुमची लेक