‘ब मुका’ लिहिणाऱ्या आजींना

आदरणीय आजी,

शि. सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही “बरं बरं, दूध उतू जातंय” म्हणून फोन ठेवून देता. दर वेळी नेमकं तेव्हाच दूध कसं उतू जातं, हे कोडं मला सुटलेलं नाही. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला खपणार नाही. नवी पेठेतल्या त्या वाचनालयात सकाळी पेपर वाचायला येणाऱ्यांना कळायचं ते कळेल.

बँकेत लागले, आजी. गणित आणि रीझनिंगनं मला कधी दगा दिला नव्हता, गाडी अडायची ती इंग्रजीच्या कटऑफला. या वेळी तिथेही नीट पार पडले. यादी कालपासून कितीदा उघडून बघितली, विचारू नका.

आधी क्लासबद्दल बोलून घेते, नाहीतर पोटात राहील. पेठेतल्याच एका क्लासमध्ये सरांनी पहिल्या दिवशी जाडजूड झेरॉक्स हातात दिली. ए पासून झेड पर्यंत शब्द, समोर मराठी अर्थ, आणि सूचना एकच: घोका. सी पर्यंत पोचावं तर ए सगळा पुसून गेलेला. लक्षात कसं ठेवायचं विचारलं, तर “मराठी मीडियमवाल्यांनी इंग्लिश पास होण्यापुरतं करायचं, जीव काढायचा नाही.” फी घेताना मात्र मीडियम विचारलं नव्हतं. एकदा मला उभं करून उतारा वाचायला लावला. त्यात कर्ज या अर्थाचा तो शब्द आला आणि मी दिसला तसा वाचला: डेब्ट. सरांनी तो माइकवरून दोनदा म्हणून दाखवला. हॉल हसला. त्यानंतर मी त्या वर्गात तोंड उघडलं नाही.

तीच झेरॉक्स घेऊन मी तुमच्या टेबलावर बसायचे. तुम्ही पेपरातलं शब्दकोडं सोडवत असायचात, मी पुटपुटत असायचे. एका सकाळी पुन्हा तोच शब्द तोंडातून निघाला. तुम्ही मान वर केली नाहीत. पिशवीतून लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा काढलात, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलंत: ‘डेट. ब मुका.’ आणि पेपराखालून माझ्याकडे सरकवलात. मग कोड्यात पुन्हा डोकं.

मला पुढे तुम्ही पुष्कळ शिकवलंत, पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तोंडानं सांगितलं असतंत तरी काही बिघडलं नसतं. पण शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी ऐकलं असतं. ते तुमच्या लक्षात आलं. ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. मागच्या बाजूला कुणाच्यातरी स्वागतोत्सुकांची अर्धी नावं आहेत.

नंतर पायऱ्यांवर तुम्ही खुलासा केलात. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ब नव्हताच. पुढे विद्वानांना मूळ लॅटिन ‘डेबिटम’ची आठवण झाली आणि त्यांनी स्पेलिंगमध्ये ब घुसवला, लोकांनी तो तोंडात काही घेतला नाही. डाउटमधला ब तसाच, रिसीटमधला पी तसाच. डेबिट कार्डात मात्र तो ब खणखणीत बोलतो. “म्हणजे तू वाचलंस ते लॅटिनला धरूनच होतं,” असं म्हणून तुम्ही चपला घातल्यात आणि निघालात. मी तिथेच बसून राहिले. हॉल हसला होता त्याचं ओझं कुठल्याकुठे गेलं.

दुसऱ्या दिवशी विचारलंत, “शाळेत उपसर्ग पाठ होते का?” प्र, परा, अप, सम्, अनु, अव... मी बावीसच्या बावीस घडाघडा म्हणून दाखवले. “मग हार घे.” आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. “आता हारच्या जागी स्पेक्ट घे. लॅटिनमध्ये बघणं.” आत बघणं ते इन्स्पेक्ट, पुढे बघणं प्रॉस्पेक्ट, मागे वळून बघणं रिस्पेक्ट. आणि सस्पेक्ट म्हणजे खालून बघणं. “तुमच्या गावात परक्या माणसाकडे भुवईखालून बघतात ना, तसं,” हे तुमचंच. झेरॉक्सवर हे चार शब्द चार वेगळ्या पानांवर होते, एकमेकांची ओळखदेख नसलेले. मॅन्युस्क्रिप्टला तर तुम्ही अर्थसुद्धा सांगितला नाहीत. मानुस म्हणजे हात, स्क्रिबेरे म्हणजे लिहिणं, एवढं बोलून थांबलात, आणि हस्तलिखित हा शब्द माझ्या तोंडून आपोआप आला. खुनांचं ते अख्खं पानही, बाप मारणारा, भाऊ मारणारा, राजा मारणारा, एका ‘साइड’वर, म्हणजे लॅटिनमधल्या मारण्यावर, उरकलं. त्यातला जेनोसाइड, म्हणजे वंशसंहार, हा शब्द कायदेपंडित राफाएल लेमकिन यांनी 1944 मध्ये अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन जोडून घडवला, हे सांगताना मात्र तुमचा आवाज उतरला होता.

जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला झाडं आणल्याशिवाय राहवतं का? आंबा मँगिफेरा, शेवगा ओलिफेरा, नारळ न्युसिफेरा. लॅटिनमध्ये ‘फेर्रे’ म्हणजे वाहणं, धारण करणं. आंबे धरणारा, तेल धरणारा, कवचाचं फळ धरणारा. संस्कृतातला भृ तो हाच. तिथून ट्रान्स्फर आणि फर्टाइल हात धरून आले. अश्वगंधेचं नाव विथानिया सोम्निफेरा, झोप आणणारी. सोम्नस म्हणजे लॅटिनमध्ये झोप, ते आणि आपलं स्वप्न एकाच घरातलं, आणि झोप उडाली की इन्सोम्निया. दंत आणि डेंटल, नाम आणि नॉमिनेट, दान आणि डोनेशन. हे काही तुमच्या मनाचे खेळ नव्हेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात 1786 मध्येच म्हणून ठेवलंय, हेही तुम्हीच बजावलंत. ज्या मराठी मीडियमची मला वर्षभर लाज वाटायला लावली होती, त्यातलं जवळजवळ सगळं तुम्ही कामाला लावलंत.

आणि चढू दिलं नाहीत. मी दिसेल तो शब्द कापायला लागले तेव्हा लक्ष्मी रोडच्या कोपऱ्यावर पेट्रोलचा टँकर दाखवलात. “त्यावर इन्फ्लेमेबल लिहिलंय, म्हणजे चटकन पेट घेणारं. इन म्हणजे नाही असं धरलंस, तर जवळ उभी राहून काडी ओढशील.” पेडेस्ट्रियनमधला पाय लॅटिन, पीडियाट्रिशियनमधलं मूल ग्रीक, दोघांचा काही संबंध नाही. आणि मदर, वॉटर, ईट असले रोजचे शब्द लॅटिनमधून आलेलेच नाहीत, ते इंग्रजीचे घरचे. तिथे कापाकापी नको, तसेच शिकायचे. परीक्षेत मला याचाच जास्त उपयोग झाला.

या शहरात हुशार माणसांना तोटा नाही, आजी. चौकात चहा प्यायला थांबलं तरी कुणीतरी आपलं काहीतरी दुरुस्त करतं. पण समोरच्याची मान खाली जाणार नाही याची काळजी घेऊन दुरुस्त करणारी माणसं मी इथे बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. आमच्या मेसच्या मावशी एक. महिनाअखेरीला कोण कमी पोळ्या घेतंय हे बघून न विचारता ताटात वाढायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. त्यांना लॅटिन येत नाही, पण तुमचं त्यांच्याशी छान जमेल. पुढे काउंटरवर बसल्यावर स्लिप चुकीची भरून आणणाऱ्या म्हाताऱ्यांशी मी कशी वागते ते बघायला या, हवं तर न सांगता या.

निकालानंतर सरांचा फोन आला होता, बरं का. अभिनंदन एका वाक्यात, मग “फ्लेक्ससाठी एक छान फोटो पाठव.” माझं नाव त्यांना यादी बघून आठवलं असावं. फोटो दिला नाही. कारण विचारलं, तेव्हा “पास होण्यापुरतंच केलंय सर, फ्लेक्सपुरतं नाही,” एवढंच म्हणाले.

शनिवारी सकाळी येतेय. पेढे तुम्हाला चालत नाहीत, म्हणून बाबा मंगळवेढ्याहून मालदांडी ज्वारी पाठवताहेत, दहा किलो. तुमचा तिसरा मजला मला ठाऊक आहे, पोतं मीच वर आणून देईन. फक्त तेव्हा दूध गॅसवर ठेवू नका.

तुमची,
पेपरच्या टेबलावरची पुटपुटणारी मुलगी