अंतर्गत समिती आणि वार्षिक अहवाल : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासद उद्योजक व व्यवस्थापकांना नमस्कार.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार, अशा छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीचा कॅलेंडर वर्षाचा अहवाल जिल्हा अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. वर्षभरात एकही तक्रार आली नसली, तरी ‘निरंक’ लिहून अहवाल द्यावा.

“आमच्याकडे बायका दोनच, समिती कशाला?” हे वाक्य दर वर्षी कानावर येते. कायदा महिलांची संख्या मोजत नाही. एकूण कर्मचारी दहा किंवा जास्त असले की समिती हवीच. त्यात कंत्राटी कामगार, रोजंदारीवरचे आणि प्रशिक्षणार्थीही आले. कारखाना एका गावात आणि ऑफिस दुसऱ्या गावात असेल, तर दोन्हीकडे वेगळी समिती.

अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक बाहेरची व्यक्ती, म्हणजे स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार. मालकाच्या मेहुणीला बाहेरची सदस्य म्हणून बसवणे कागदावर खपेलही, पण तक्रार आली की तिथेच बोट ठेवले जाते. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. तेव्हा नेमणुकीच्या आदेशावरची तारीख आजच पाहा. तो आदेश दर्शनी भागात लावायचा आहे, फाइलमध्ये नव्हे.

चौकशी 90 दिवसांत पूर्ण करावी. नावे कुठेही फोडू नयेत, या ग्रुपवर तर नाहीच. समिती नसल्यास दंड 50,000 रुपयांपर्यंत. पुन्हा चूक झाल्यास दुप्पट, परवानाही जाऊ शकतो.

अहवालाच्या पोचेची प्रत जपून ठेवावी.

– सचिव