‘जीव घाबरा होतोय’ म्हणजे भीती वाटतेय असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाईलवर आरोग्याचा सल्ला देणाऱ्या असिस्टंटबद्दल हल्ली खूप ऐकायला मिळतं, म्हणून आमच्या घरचा अनुभव कळवतोय.

माझी आई ७४ वर्षांची, शुगरची जुनी पेशंट. मराठीत बोलता येतं म्हणून मीच असं एक ॲप तिच्या फोनमध्ये टाकून दिलं. एक दिवस आम्ही दोघं कामावर, आई एकटी, तिनं माइक दाबून सांगितलं की सकाळपासनं जीव घाबरा होतोय, घाम फुटलाय. तर त्यातली बाई म्हणते, घाबरू नकोस, भीती वाटणं नॉर्मल आहे, डोळे मिट आणि खोल श्वास घे. आईनं खरंच डोळे मिटले आणि बसून राहिली. नशीब की बायको तेवढ्यात घरी आली, मशीन लावून बघितलं तर शुगर ५८, म्हणजे फारच कमी! साखरपाणी दिलं तेव्हा कुठे थोड्या वेळानं तिला हुशारी आली.

आपल्याकडे जीव घाबरा होणं म्हणजे धडधड, कासावीस होणं, हे शेजारच्या काकूंनाही कळतं. शुगरचं माणूस घाम आलाय म्हणतंय तर पहिला प्रश्न जेवलात का, गोळी कधी घेतली, शुगर बघितली का हाच पाहिजे ना. म्हातारी माणसं दुखणं असंच सांगतात, अंगात कणकण आहे, पायात गोळे येतात, डोळ्यापुढे अंधारी येते, पोटात ढवळतंय. हे शब्द ज्याला कळत नाहीत त्याला मराठी येतं असं कसं म्हणायचं?

आणि ते ‘नकोस’, ‘मिट’, ‘घे’. आईला अगं-तुगं करणारं आता एकच माणूस उरलंय, तिची थोरली बहीण. कुणा परक्या आवाजानं एकदम तू म्हटलेलं तिला लागलं, तिनं ते दोनदा बोलून दाखवलं. शिवाय तो आवाज बारीक आणि भरभर बोलणारा. वयामुळे कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येईनासं होतं, स, श, फ असली अक्षरं निसटतात, म्हणजे म्हाताऱ्यांसाठी आवाज जरा खालच्या पट्टीतला आणि सावकाश पाहिजे. नुसता व्हॉल्यूम वाढवून भागत नाही.

माझा मुलगा अकरावीत, त्याचं सगळं उलटं. आजी त्याच खोलीत बसलेली असते तर तो पिंपल्सबद्दल किंवा झोप लागत नाही हे मोठ्यानं बोलून विचारणारच नाही, त्याला टाइप करायचं असतं आणि दोन ओळीत उत्तर हवं असतं. ॲपमध्ये तरुणांसाठी म्हणून नाचणारा कार्टून डॉक्टर ठेवलाय, मुलानं दोन दिवसात ॲपच डिलीट केलं, म्हणाला मी काय केजीतला आहे का. या वयाच्या पोरानं रात्री उदास वाटतंय असं लिहिलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लगेच समोर आला पाहिजे, तिथे चोवीस तास माणूस बोलायला असतो. माझ्यासारख्या मधल्या वयातल्याला तर रिपोर्टातले आकडे नीट समजावून सांगितले तरी पुरे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये सारा नावाची बोलणारी असिस्टंट आणली, ८ भाषांत, त्यात हिंदी आहे, मराठी नाही. त्यापेक्षा गरोदर बायकांना आणि नव्या आयांना फोनवर रेकॉर्ड केलेला आरोग्याचा सल्ला ऐकवणारं केंद्र सरकारचं किलकारी मला जास्त शहाणपणाचं वाटतं. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक असे ७२ कॉल, साध्या बटणाच्या फोनवरसुद्धा. ऐकणारी बाई कोण, तिच्या हातात फोन कुठला, याचा आधी विचार केलाय.

ॲप बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, चाचणी घेताना ऑफिसातल्या पंचविशीतल्या पोरांवर थांबू नका, सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या सत्तरीच्या माणसांकडे फोन द्या आणि नुसतं बघा. घरात फोन बऱ्याचदा एकच असतो, तेव्हा आत्ता कोण बोलतंय हे आधी विचारा. आणि छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं असलं काही ऐकलं की सल्ला देत बसू नका, सरळ १०८ लावायला सांगा, घरच्यांना मेसेज जाऊ दे.

आई अजून ते ॲप वापरते, दुपारी तेवढीच सोबत म्हणते. परवा मला म्हणाली, त्या बाईला सांग की जरा हळू बोलायला. मी अर्धा तास सेटिंगमध्ये शोधलं, तसं बटणच नाहीये.

आपला,
एक वाचक, कराड