बोटांनाही वाचू द्या

संपादक महोदय,

मी जन्मांध. अंबाजोगाईला २६ वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाले. हे पत्र संगणकावर स्वतः टाइप केले आहे. पडद्यावरचा मजकूर एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर मला बोलून दाखवते. त्याचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. पण ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात. ब्रेल लिपीत अक्षरे सहा उठावदार ठिपक्यांतून घडतात. त्यात ऱ्हस्व इकार म्हणजे दुसरा आणि चौथा ठिपका, दीर्घ म्हणजे तिसरा आणि पाचवा. बोट लगेच ओळखते. नुसत्या आवाजावर शिकलेली आमची हुशार पोरे शुद्धलेखनात मागे पडतात, ती याचमुळे.

४ वर्षांपूर्वी पुण्याला एका कार्यशाळेत संगणकाला जोडायच्या ब्रेल डिस्प्लेवर पहिल्यांदा हात ठेवला. ४० घरांची एकच ओळ, प्रत्येक घरात ब्रेलचे एक चिन्ह. वीज मिळाली की आतल्या पट्ट्या वाकतात, बारीक खुंट्या वर येतात आणि संकेतस्थळावरचे वाक्य बोटांखाली उमटते. कळ दाबली की पुढची ओळ. लातूरच्या बाजारातला तुरीचा भाव मी त्या दिवशी कुणालाही न विचारता वाचला. आकडा तीनतीनदा चाचपला. आवाजात तो भुर्रकन निघून जातो.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. आई त्याच्या तळहातावर अक्षरे गिरवते. बोलणारा मोबाइल त्याच्या काय कामाचा? त्याला इंटरनेट मिळेल ते स्पर्शानेच.

पण या यंत्राची किंमत लाखाच्या घरात जाते. शेतमजुराच्या घरात ते येणार कुठून? म्हणून बीड, लातूर, परभणी, नांदेड अशा प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात निदान एक ठेवावे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले आहे.

यंत्र आले तरी संकेतस्थळावर अक्षरे हवीत. नाव न दिलेले बटण, चित्रातली सूचना यांपुढे आवाजही थांबतो आणि खुंट्याही. ई-पेपरचे पान नुसते चित्र असले की तेच होते. म्हणून आपल्याकडेही मागणे आहे: बातम्यांचा मजकूर चित्रासोबत अक्षरांतही द्यावा. हे पत्र छापलेत, तर सुरुवात याच्यापासून करावी.

आपली,
एक अंध निवृत्त शिक्षिका
अंबाजोगाई, जि. बीड